मागच्या वेळचं काय झालं?

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याने रहिवाशांबरोबर दरमहा बैठक घ्यायचं ठरवलं आणि तिचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी ठाण्याशी माझा संबंध एका हरवलेल्या मोबाइलच्या तक्रारीपुरता. घरचे म्हणाले, "कशाला त्या भानगडीत पडतेस?" हेच वाक्य पुढे मी कितीतरी दारांत ऐकलं, तेही सरळमार्गी माणसांच्या तोंडून. काही वाईट घडलं तर ज्यांनी सगळ्यात आधी ठाण्यात जायला हवं, त्यांनाच ठाण्याची पायरी चढणं म्हणजे भानगड वाटते. बैठका सुरू करायचं कारण हेच होतं, निदान कागदावर तरी.

पहिली बैठक सभेसारखी झाली. व्यासपीठावर अधिकारी, खाली ओळीने आम्ही. दारं-खिडक्या नीट लावा, ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी माणूस दिसला तर कळवा, असं भाषण झालं. त्यातलं काहीच चूक नव्हतं. मग "आता तुमच्या अडचणी सांगा" म्हटल्यावर बराच वेळ कुणी तोंड उघडलं नाही. शेवटी एका निवृत्त गृहस्थांनी शाळेमागच्या रस्त्यावरचे दिवे बंद असल्याचं सांगितलं आणि मग एकेक जण बोलू लागला. रात्रीचे हॉर्न, कोपऱ्यावर उभी राहणारी टोळकी, रस्त्याकडेला गंजत पडलेल्या गाड्या, तक्रार द्यायला गेल्यावर तासन्‌तास बसवून ठेवणं. प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं, "नोंद घेतली आहे." माझ्या वहीत पानभर तेच शब्द एकाखाली एक उतरले.

पुढच्या बैठकीला माणसं रोडावली. त्या दिवशी ऑनलाइन फसवणुकीवर माहिती द्यायची होती, पडदा लावलेला, प्रोजेक्टर सुरू. पहिल्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ते दाखवा नंतर. मागच्या वेळचं काय झालं, ते आधी सांगा."

नागरिक संपर्काचं काम एका महिला उपनिरीक्षकांकडे होतं. सगळे त्यांना मॅडमच म्हणत, मीही तेच म्हणते. त्यांनी प्रोजेक्टर बंद करायला सांगितला, माझी वही मागून घेतली आणि एकेक नोंद मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "दिव्यांचं पत्र अजून गेलेलं नाही. उद्या जाईल. गाड्यांबद्दल वाहतूक शाखेशी बोलणं झालंय, तारीख मिळालेली नाही. टोळक्यांसाठी गस्त वाढवली, फरक पडला का ते तुम्ही सांगा." "नाही पडला," मागून दोघे-तिघे म्हणाले. मॅडमनी तेही लिहून घेतलं. पत्र गेलेलं नाही हे एका अधिकाऱ्याने शंभर माणसांसमोर सांगितलं आणि कुणी आरडाओरडा केला नाही. उलट त्या दिवशी बैठक संपल्यावर लोक घरी जायला तयार नव्हते.

तिथून पुढे इतिवृत्ताचं स्वरूपच बदललं. वहीत रकाने आखले: काय सांगितलं, कुणाकडे दिलं, काय झालं, आणि झालं नसेल तर का नाही. प्रत्येक बैठकीची सुरुवात मागच्या पानाच्या वाचनाने व्हायची. त्या पानाची एक प्रत ठाण्याच्या दारातल्या फलकावर, एक प्रत वस्तीतल्या वाचनालयात. खुर्च्याही गोलात मांडल्या जाऊ लागल्या. व्यासपीठ तसंच राहिलं, पण त्यावर आता पाण्याचे जग ठेवलेले असायचे.

या रकान्यांपैकी शेवटचा सगळ्यात मोलाचा. "हे काम आमच्या अखत्यारीत नाही, संबंधित विभागाला अमुक तारखेला पत्र दिलं." "या तक्रारीत पुरावा मिळाला नाही." "मनुष्यबळ नसल्याने या महिन्यात जमलं नाही." नकाराचं कारण कळलं की माणसं तो नकार पचवतात, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं. ज्याला कारण कळत नाही तो मनातल्या मनात स्वतःचं कारण तयार करतो, आणि ते नेहमी सगळ्यात वाईट असतं: पैसे खाल्ले असतील, वरून दबाव असेल, आपण गरीब म्हणून लक्ष देत नसतील.

लोकांची ठरलेली मागणी असायची, "गस्त वाढवा." मॅडमनी एकदा याबद्दल मोकळेपणाने सांगितलं, आणि मी मग घरी बसून त्यावर बरंच वाचलं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ साली एक मोठा प्रयोग झाला होता. काही भागांत गस्तीच्या गाड्या दुप्पट-तिप्पट केल्या, काही भागांत नेहमीइतक्याच ठेवल्या आणि काही भागांत गस्त बंद करून फक्त फोन आला तरच गाडी पाठवली. गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत काही म्हणण्याजोगा फरक पडला नाही. बहुतेकांना बदल झाल्याचं कळलंही नाही. त्याच दशकाच्या शेवटी न्यूअर्क शहरात पायी गस्तीचा प्रयोग झाला. गुन्हे तिथेही घटले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. काच वर करून गेलेली गाडी आणि चालत जाताना "काय, कसं काय?" म्हणणारा शिपाई यांत माणसाच्या मनाला केवढा फरक पडतो, हे त्या आकड्यांत दिसतं. आमच्याकडे गाडीच्या फेऱ्या वाढवायच्या ऐवजी बीट अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला एक ठरावीक भाग सांभाळणाऱ्या पोलिसाच्या, पायी फेऱ्या आणि घरभेटी ठरल्या त्या यावरूनच.

घरभेटींना रहिवाशांपैकी कुणीतरी बरोबर असावं असं ठरलं होतं, म्हणून मीही जात असे. आमचे हवालदार पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांची दारापाशी उभं राहण्याची एक पद्धत होती, ती मी लक्षपूर्वक पाहिली. बेल वाजवली की ते दोन पावलं मागे सरकत आणि थोडे बाजूला उभे राहत, म्हणजे दाराच्या भिंगातून पाहणाऱ्याला सबंध माणूस दिसेल आणि दार उघडणाऱ्याची वाट अडणार नाही. दार उघडताच पहिलं वाक्य ठरलेलं, "काही झालेलं नाही. कुणाची चौकशी नाही. मी या बीटचा अंमलदार, ओळख करून द्यायला आलोय." हे वाक्य आधी का, असं मी विचारलं. म्हणाले, "ताई, खाकी दारात दिसली की घरातल्या बाईच्या मनात पहिल्यांदा काय येतं? मुलाचा अपघात झाला. तेवढा एक क्षणसुद्धा तिला कशाला द्यायचा?"

तो क्षण मी नंतर बऱ्याच चेहऱ्यांवर पाहिला. वाक्य पूर्ण होईपर्यंत धरून ठेवलेला श्वास आणि मग सुटलेले खांदे. त्यापुढचं बोलणं फार साधं असायचं. घरात म्हातारी माणसं एकटी असतात का, रात्रपाळीहून कुणी उशिरा येतं का, काही हवं तर या नंबरवर फोन करा. जपानमध्ये 'कोबान' नावाच्या छोट्या पोलीस चौक्या १८७४ पासून आहेत आणि तिथले पोलीस आपल्या हद्दीतल्या घरांना अशाच भेटी देतात. केरळ पोलिसांच्या २००८ साली सुरू झालेल्या 'जनमैत्री' योजनेचाही घरभेट हा कणा आहे. न्यू हेवन या अमेरिकन शहरातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. गणवेशातल्या पोलिसाने कुठल्याही कारवाईविना दारात येऊन थोडा वेळ बोलायचं, एवढंच त्यात होतं. अशा एकाच भेटीने लोकांचं पोलिसांबद्दलचं मत सुधारलं, तीन आठवड्यांनंतरही तो परिणाम टिकून होता आणि ज्यांचं मत आधी जास्त वाईट होतं त्यांच्यात तो जास्त दिसला.

पण सगळी दारं उघडली नाहीत. एका घरातल्या बाईंनी साखळी न काढता सांगितलं, "तुम्ही आलात की शेजारी चार प्रश्न विचारतात. पुन्हा येऊ नका." हवालदारांनी मान हलवली, नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे केली, ती घेतली गेली नाही, आम्ही निघालो. जिन्यात मी सुचवलं, साध्या कपड्यांत आलात तर? ते थांबले. "साध्या कपड्यांत पोलीस घरोघर फिरला तर लोक हेर म्हणतील. जे आहे ते दिसू दे." लंडनमध्ये १८२९ साली गृहमंत्री रॉबर्ट पीलने नवं पोलीस दल उभं केलं तेव्हाही लोकांना हीच धास्ती होती, की सरकार आपल्यावर पाळत ठेवायला माणसं नेमतंय. म्हणून तिथे गणवेश ठेवला, आणि सैन्याच्या लाल रंगापासून वेगळा दिसावा म्हणून तो निळा ठेवला. आमच्या हवालदारांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं. त्यांना ते नोकरीतून कळलेलं होतं. त्या इमारतीतल्या भेटी मग आधी फलकावर दिवस आणि वेळ लावून, सगळ्याच घरांना एका दिवशी, अशा केल्या. सगळ्यांच्याच दारात पोलीस येऊन गेले की कुणा एकीकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

शाळेत व्याख्यान, मैत्रीपूर्ण सामना, शस्त्रांचं प्रदर्शन, रक्तदान हेही सगळं झालं. मुलांना मजा आली, फोटो निघाले. त्याबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली पोलिसांनी शाळेत जाऊन अमली पदार्थांविरुद्ध शिकवायचा 'डेअर' हा कार्यक्रम सुरू झाला, तो अनेक देशांत पसरला, पालक-शिक्षकांना आवडला, आणि पुढच्या अभ्यासांत मुलांच्या व्यसनांवर त्याचा परिणाम जवळजवळ दिसला नाही. एखादा कार्यक्रम लोकांना आवडणं आणि त्याने काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षातून एकदा येऊन टाळ्या घेऊन जाणाऱ्या कार्यक्रमावर ठाण्याची जी शक्ती खर्च होते, तिच्यातून हवालदारांच्या कितीतरी फेऱ्या झाल्या असत्या, असं मी बैठकीत बोलूनही दाखवलं होतं.

शाळेमागच्या रस्त्याचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं.

तक्रार अशी होती की तिथे मुलांचं टोळकं बसतं आणि संध्याकाळी क्लासहून येणाऱ्या मुली तो रस्ता टाळतात. आजवरचा उपाय ठरलेला. फोन आला की गाडी जायची, मुलांना हुसकावायची, अर्ध्या तासाने मुलं परत. हर्मन गोल्डस्टीन या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली मांडलं होतं की पोलीस एकेक घटना निपटत बसतात, पण त्या घटनांच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाकडे पाहत नाहीत. मॅडमनी त्या मुळाकडेच पाहायचं ठरवलं. आम्ही काही जणी आणि हवालदार वेगवेगळ्या वेळी त्या रस्त्याने चाललो. मुलींना विचारलं की नेमकी भीती कुठे वाटते. सगळ्या मुलींनी एकच जागा सांगितली आणि ती मुलं बसतात तिथली नव्हती. त्या अलीकडच्या वळणाबद्दल बोलत होत्या. तिथे दिवा बंद, एका बाजूला उंच भिंत, दुसऱ्या बाजूला त्या गंजलेल्या गाड्या. वळणापलीकडे कोण उभं आहे हे वळेपर्यंत दिसतच नाही. एक मुलगी म्हणाली, "पुढे ती मुलं बसलेली असतात ते उलट बरं असतं. कुणीतरी असतं तरी."

मुलांशी बोलणं यापेक्षा अवघड होतं. बैठकीला कोण येतं याच्याकडे मी तोवर नीट पाहिलेलं होतं. निवृत्त माणसं, गृहिणी, दुकानदार. म्हणजे ज्यांच्या वाट्याला वर्षभरात पोलीस फारसे येत नाहीत ते. ज्यांना आठवड्यातून दोनदा थांबवलं जातं, नाव-पत्ता विचारला जातो, त्यातलं कुणी त्या खुर्च्यांवर नव्हतं. आणि आम्ही मात्र विश्वास वाढल्याचं इतिवृत्तात लिहीत होतो. मॅडमनी मग मुलांना ठाण्यात न बोलावता त्या रस्त्यालगतच्या मैदानाच्या पायऱ्यांवर बसून बोलायचं ठरवलं. मुलांना नेहमी हटकणारे दोन शिपाईही त्यांनी बरोबर घेतले. पहिला बराच वेळ मुलं एकमेकांकडे पाहत होती. मग त्यातला एक, मोबाइल दुरुस्तीचं काम करणारा, म्हणाला, "मॅडम, थांबवायचं तर थांबवा, तुमचं काम आहे. पण कशासाठी थांबवलंय ते सांगा ना. नुसतं 'ए, इकडे ये' म्हणतात. माझा धाकटा भाऊ बरोबर होता तेव्हा."

शेवटचं वाक्य त्याने खाली बघत म्हटलं. शिपायांपैकी एक जण त्याला म्हणाला, "मी होतो का तो?" मुलगा म्हणाला, "हो." शिपायाने स्पष्टीकरण दिलं नाही. "भावाशी माझी गाठ घालून दे एकदा," एवढंच म्हणाला.

टॉम टायलर या मानसशास्त्रज्ञाने १९९० साली शिकागोतल्या लोकांच्या अभ्यासावरून दाखवलं की माणूस कायदा मानतो तो निव्वळ शिक्षेच्या धाकाने नाही. आपल्याला बोलू दिलं का, सगळ्यांना एकच नियम लावला का, मान राखून वागवलं का, यावर त्याचं मत ठरतं, आणि निकाल आपल्या विरुद्ध गेला तरी ते टिकतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात मद्यपी वाहनचालकांच्या तपासणीत हे करून पाहिलं. एरवी काही सेकंदांत उरकणारी तपासणी पोलिसांनी सुमारे दीड मिनिटाची केली. तुम्हाला निवडून थांबवलेलं नाही हे सांगायचं, तपासणी का करतो ते सांगायचं, चालकाचं काही म्हणणं आहे का ते विचारायचं, आभार मानायचे. तेवढ्यानेही त्या चालकांचं पोलिसांबद्दलचं मत चांगलं झालं. आमच्या त्या मुलाने पायरीवर बसून नेमकं तेच मागितलं होतं.

मुलं रस्त्यावर का बसतात हेही तिथेच कळलं. मैदानाचं फाटक अंधार पडताच बंद व्हायचं. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याशी बोलून फाटक रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवायचं ठरलं, कुलूप लावायची जबाबदारी मुलांनीच घेतली. गाड्या हलल्या. दिवे लागायला मात्र फार वेळ गेला. तोवर 'का नाही' या रकान्यात दर महिन्याला नवं पत्र आणि नवी तारीख यायची, आणि आजी दर महिन्याला ती मोठ्याने वाचून घ्यायच्या. मुली आता त्या रस्त्याने जातात. सगळ्या जातात असं मी म्हणणार नाही. मुलांना थांबवणं बंद झालेलं नाही, पण कारण सांगितलं जातं अशी त्यांची साक्ष आहे, आणि जेव्हा सांगितलं जात नाही तेव्हा तो मोबाइलवाला मुलगा बैठकीत येऊन तसं सांगतो. त्याच्या येण्याला मी या सगळ्या खटाटोपातलं मोठं यश मानते.

मधे एक वाईट दिवस आला. ठाण्यात एका तरुणाला मारहाण झाल्याची तक्रार त्याच्या घरच्यांनी केली. बैठक चार दिवसांवर होती. ती पुढे ढकलावी असं दोन्ही बाजूंचे लोक म्हणत होते. मॅडम आणि त्यांच्या वरिष्ठांनी ती घेतली, आणि मागच्या पानाच्या वाचनाआधी तोच विषय घेतला. चौकशी या ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे दिली आहे, संबंधित कर्मचाऱ्याला जनतेशी संपर्क येणाऱ्या कामावरून हलवलं आहे, यापलीकडे चौकशी पूर्ण होईपर्यंत बोलता येणार नाही, असं सांगितलं. लोक संतापून बोलले. मॅडमनी एकालाही मधे तोडलं नाही. त्या संध्याकाळी विश्वास वाढला असं मी अजिबात म्हणणार नाही. पण ज्या ठाण्याला फक्त चांगल्या दिवशीच लोकांसमोर यायचं असतं, त्याच्या बैठकांना मी तरी गेले नसते. चौकशीचा निष्कर्ष आणि कारवाई पुढच्या बैठकीत त्याच रकान्यात लिहिली गेली.

अडचण यायच्या आधी ओळख असण्याचं महत्त्व एका अफवेच्या रात्री कळलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचा संदेश मोबाइलवर फिरू लागला. कुणीतरी दोन फेरीवाल्यांचा फोटो जोडला. २०१८ साली अशाच अफवेपायी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने ५ निरपराध माणसांचा जीव घेतला, हे आठवून माझ्या पोटात गोळा आला. बैठकांच्या रहिवासी समितीतल्या प्रत्येकाने आपापल्या इमारतीत फोन लावले. हवालदारांनी स्वतःच्या आवाजात निरोप पाठवला, "मी अमुक चौकात उभा आहे. ते दोघं माझ्याजवळ आहेत, ओळखपत्रं पाहिली, रोज याच भागात येतात. कुणी खाली उतरू नका." लोकांनी तो आवाज ओळखला, कारण तो त्यांच्या दारात येऊन गेलेला होता. भिवंडीत १९८४ ची भीषण दंगल होऊन गेल्यावर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्या दंगलीच्या दिवशी स्थापन झालेल्या नव्हत्या. गल्लीतला शिपाई आणि गल्लीतली माणसं त्याआधी बराच काळ एका सतरंजीवर बसत होती.

मग मॅडमची बदली झाली.

या विषयावर २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या ६ देशांत पोलीस-जनता सहकार्याचे कार्यक्रम राबवून तपासले. बैठका, पायी गस्त, प्रश्न समजून घेऊन ते सोडवणं, सगळं होतं. पोलिसांवरचा विश्वास वाढला नाही, गुन्हे घटले नाहीत. अभ्यासकांनी अडथळे सांगितले ते असे: वरिष्ठांनी मनावर घेतलं नाही, अधिकाऱ्यांच्या वारंवार बदल्या झाल्या, लोकांनी सांगितलेल्या प्रश्नांचा पाठपुरावा करायला साधनं नव्हती. हे वाचून काहींनी म्हटलं, बघा, असल्या बैठकांनी काही होत नाही. मी वाचते ते वेगळं. बैठका झाल्या, पण पुढच्या बैठकीला उत्तर घेऊन येणारं कुणी नव्हतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात ठाणे प्रमुखासारख्या पदांवर किमान २ वर्षांचा कार्यकाळ द्यायला सांगितलं, त्याचा मुख्य हेतू राजकीय दबावापासून संरक्षण हा होता. पण लोकांच्या बाजूने पाहिलं तरी तो निर्णय तितकाच गरजेचा आहे. माणूस ओळखीचा व्हायच्या आत जात असेल तर दर वेळी पहिल्या दारापासून सुरुवात.

बदली थांबवा म्हणून सह्यांची मोहीम निघाली होती, मॅडमनीच ती थांबवायला सांगितली. त्याऐवजी त्यांनी नव्या अधिकाऱ्यांना बरोबर आणून शेवटची बैठक घेतली आणि वही सगळ्यांसमोर त्यांच्या हातात दिली. उघड्या नोंदी कोणत्या, कुणाला काय शब्द दिलाय, कोणता शब्द पाळता आलेला नाही, हे वाचून दाखवलं. नव्या साहेबांनी त्यातल्या दोन गोष्टी आपल्याला पटत नसल्याचं तिथल्या तिथे सांगितलं. लोकांना ते आवडलं नाही, मला बरं वाटलं. न पटता हो म्हणणाऱ्यापेक्षा हे चांगलं.

सध्या आम्ही घरकाम करणाऱ्या बायकांसाठी वेगळी बैठक सुरू केली आहे. संध्याकाळची वेळ त्यांना कधीच जमत नव्हती, आणि त्यांचा प्रश्न जिच्याकडे त्या कामाला जातात तिच्या शेजारी बसून विचारता येण्यासारखाही नव्हता. दुपारी, दोन कामांच्या मधल्या वेळात, हवालदार आणि एक महिला शिपाई येतात. पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "घरात काही हरवलं की आधी आमच्यावर आळ येतो. मग आम्हाला ठाण्यात किती वेळ बसवून ठेवता येतं?" महिला शिपायाने उत्तर दिलं, ते सगळ्यांनी ऐकलं. पण त्या बाईला तेवढ्यावर समाधान नव्हतं. तिने ते ठाण्याच्या शिक्क्यासह कागदावर मागितलं, म्हणजे वेळ आलीच तर दाखवता येईल. नव्या साहेबांकडे ती मागणी गेली आहे. कायदा विभागाकडून मसुदा तपासून घेतल्याशिवाय शिक्का मारणार नाही असं त्यांनी 'का नाही' च्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलंय, आणि खाली तारीख टाकली आहे.